नको म्हणायची रीत

‘ताई, रविवारी मोठ्या राक्षसाला परत भिडायचं ठरतंय. नवा हीलर मिळालाय, नाशिकचा, अमृत नावाचा. या खेपेला तुमी जरा आराम केला तर चालंल ना?’ पडद्याच्या कोपऱ्यात ही ओळ उमटली आणि आरतीच्या बोटांनी, आरतीला काडीचंही न विचारता, लिहून टाकलं, ‘चालेल की! त्यात काय एवढं. मला तसंही काही नको.’ पुढे एक हसरा चेहरासुद्धा चिकटवला. ती ओळ लिहिणाऱ्या सोपाननं अंगठा पाठवला, बाकीचे एकेक करून निघून गेले, आणि खेळातल्या त्या दगडी चौकात तिची गोजरबाई, म्हणजे त्या खेळातली ती स्वतः, काठी टेकून एकटीच उभी राहिली. आरतीनं रीतसर कॉम्प्युटर बंद केला, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून कापड घातलं आणि मेथीची जुडी घेऊन बसली. खाली आळेफाट्यावर नाशिकची एसटी नगरकडच्या ट्रकला आडवी आली असावी, हॉर्नांची नुसती हमरीतुमरी चालली होती. ती रोजचीच. बऱ्याच वेळानं तिचं खाली लक्ष गेलं तर देठं टोपलीत पडली होती आणि हिरवीगार पानं रद्दीच्या कागदावर. तिनं ती निमूटपणे उलटीपालटी केली आणि स्वतःलाच विचारलं, एवढं कशाला लागलं गं तुला? पन्नाशीकडे झुकलेली तू बाई, घरचं बरं आहे, पोरगं मार्गी लागलंय. एका खेळातून तर उठवलं! पण लागलं होतं खरं.

या खेळात ती शिरली ती पोरापायी. स्वराजला अवसरीच्या कॉलेजात असताना त्याचं वेड लागलं. ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्या देशात उतरतात, कुणी पैलवान होतो, कुणी धनुर्धारी, कुणी जादूगार, आणि सगळे मिळून गुहांमधले राक्षस मारतात. बंगळुरूला नोकरीवर जायच्या आदल्या दिवशी स्वराज म्हणाला, “आई, फोनवर तू नुसती जेवलास का, जेवलास का विचारतेस. त्यापेक्षा इथं ये. फिरत फिरत बोलू.” त्यानं तिला हीलर केलं. हीलरनं मारामारी करायची नाही, मागे उभं राहून मारणाऱ्यांच्या जखमा भरत राहायच्या, कुणाला मरू द्यायचं नाही. नाव काय ठेवू, असं त्यानं विचारलं तेव्हा तिच्या तोंडून गोजरबाई निघालं. गोजरबाई म्हणजे तिच्या माहेरची, लोणीची सुईण. काठी टेकत कुणाच्याही दारी जायची आणि बाळंतिणीच्या पोटात चार घास गेल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. स्वराज दोन महिने आला, मग बंगळुरूनं त्याला गिळून टाकलं. आरती मात्र तिथंच राहिली. पोराला शाळेत सोडायला गेलेली आई वर्गातच बसून राहावी, तसं झालं. स्वराजची टोळी ती आता तिची टोळी झाली. सोपान त्यातला म्होरक्या. त्याचं फाट्यावर हॉटेल, दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरली की गल्ल्यावर बसून खेळायचा. संस्कृती अवसरीत शिकणारी, नारायणगावची पोर, धनुष्यबाणवाली. जानकू नगरकडचा, कुऱ्हाडवाला. आणि एक पुण्याचा जादूगार, जो फारसा बोलायचा नाही. आरतीनं माइक कधी लावला नाही, लिहूनच बोलायची. नवऱ्याचं, भगवंतचं, ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तो संध्याकाळी चपला काढता काढता विचारायचा, “झाली का आजची लढाई?” आणि ती म्हणायची, “झाली. दोघं मेले होते, उठवले.”

तिला त्या देशात काय आवडलं असेल तर तिथली रीतभात. असल्या खेळात सगळे मवाली भेटतील अशी तिची समजूत होती. पण इथं कुणी एखाद्या जनावराशी झुंजत असेल तर दुसऱ्यानं मध्ये हात घालायचा नाही. वाटेत अनोळखी माणूस मरून पडलेला दिसला आणि आपल्याला उठवता येत असेल, तर उठवूनच पुढे जायचं. गुहेत शिरण्याआधी म्होरक्या विचारतो, ‘तयार?’ आणि शेवटचा माणूस ‘तयार’ म्हणेपर्यंत कुणी पाऊल उचलत नाही. हीलरची शक्ती संपली तर सगळे जागेवर बसून घेतात, ती भरेपर्यंत थांबतात. पहिल्यांदा तिच्यासाठी चार धिप्पाड माणसं अशी मुकाट बसली तेव्हा तिला भरून आलं होतं. घरात, दारात, लग्नकार्यात ती आयुष्यभर इतरांसाठी थांबत आली होती, गॅसपाशी, रांगेत, न्हाणीघराबाहेर. तिच्यासाठी कोण कधी खोळंबलंय? तिला ती पंगतच वाटली. पंगतीतही शेवटच्याचा भात संपेपर्यंत पहिल्यानं उठायचं नसतं. मग तिनं आपल्याकडची एक रीत त्यात घातली. रोज निघण्याआधी ती विचारायची, ‘जेवलात का सगळे?’ पोरं हसायची, पण तिनं विचारल्याशिवाय निघेनाशी झाली. पुण्याचा जादूगार एरवी तोंड उघडायचा नाही, तोसुद्धा लिहायचा, ‘हो. पोहे.’

आणि रीतीचंच म्हणाल तर आरती काही कमी नव्हती. राक्षस मेला की त्याच्या अंगाखालून वस्तू निघतात. झगा, काठी, अंगठी, काय काय. मग प्रत्येकासमोर तीन बटणं येतात. ती इंग्रजी बटणं स्वराजनं तिला मराठीत सांगून ठेवली होती, ‘हवं’, ‘मिळालं तर बघू’ आणि ‘नको’. ज्यांनी ‘हवं’ म्हटलं त्यांच्यात खेळच फासे टाकतो, ज्याचा आकडा मोठा त्याची वस्तू. आरती दरवेळी ‘नको’ दाबायची. झटकन, हसऱ्या चेहऱ्यानं, इतरांचं बोट हलायच्या आत. तिच्या आईनं, कुशाबाईनं, तिला लहानपणीच बजावलं होतं, “पाव्हण्याच्या घरी पहिल्यांदा नको म्हणावं, दुसऱ्यांदा पुरे म्हणावं, तिसऱ्यांदा वाढणारणीचा हात अडवू न्हाई. हावऱ्यावानी पहिल्याच हाकेला ताट पुढं करायचं न्हाई.” आरतीच्या हाडीमाशी ते इतकं मुरलं होतं की दुकानदारानं पिशवी देऊ का विचारलं तरी ती आधी नको म्हणायची आणि मग सामान पदरात घेऊन यायची. खेळात ती ‘नको’ दाबून वाट बघायची. आता कुणीतरी म्हणेल, अहो ताई, घ्या की, तुमच्याच कामाची आहे. कुणी म्हणत नसे. असू दे, तिला वाटायचं, लेकरं आहेत, आधी त्यांना मिळू दे. आपल्याला काय, पुढच्या खेपेला विचारतील.

मेथी धुताना तिला ते दुसरं ‘नको’ आठवलं. आठवायचं नव्हतं, पण पाण्याखाली हात गार पडले आणि ते आलंच. बारावीचा निकाल लागला होता. रसायनशास्त्रात तिला वर्गात कुणाला नव्हते एवढे मार्क होते. मंचरच्या कॉलेजात जावं, पांढरा कोट घालून काचेच्या नळ्यांमधले रंग बदलताना बघावेत, असं तिच्या मनात होतं, आणि ते तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. वडील, चांगदेव, मळ्यातून आले, जेवले, अंगणात हात धुता धुता म्हणाले, “आरते, पुढं शिकायचंय का गं तुला?” सहजच विचारलं, पण मनापासून विचारलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. म्हणाली, “नको, दादा.” दादांनी टॉवेलला हात पुसले आणि म्हणाले, “बरं.” एवढंच. ती थांबली. त्या रात्री थांबली, दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन मळ्यात गेली तेव्हा थांबली, बांधावर उगाच रेंगाळली. दादा कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिले. प्रवेशाच्या तारखा उलटून गेल्या. पुढे लग्न झालं, भगवंतसारखा सालस माणूस मिळाला, काही वाईट झालं नाही. फक्त कुणावर रुसायलासुद्धा जागा उरली नाही. दादांनी विचारलं होतं. तिनंच नको म्हटलं होतं. बायका सासूचं, नशिबाचं, बापाच्या हट्टाचं गाऱ्हाणं सांगत बसत तेव्हा तिच्याकडे सांगायला काही नसायचं, आणि त्या नसण्याचा भार कुणाला दाखवायचा तेही कळत नसे.

त्या मोठ्या राक्षसाशी ते तीनदा हरले होते. दरवेळी तेच व्हायचं. राक्षस अर्ध्यावर यायचा, सोपान ढाल घेऊन पुढे उभा, आरती जीव तोडून त्याच्यावर औषध घालायची, आणि ते पुरायचं नाही. भोकाच्या बादलीनं हौद भरावा तसं. सोपान पडायचा, मग बाकीचे धडाधड पडायचे. कुणी काही बोलायचं नाही. ‘चालतं, चालतं,’ एवढंच लिहायचे. आरतीला वाटायचं, आपली बोटं म्हातारी झाली. ती दुपारी एकटी बसून सराव करायची, कणिक मळतानासुद्धा बोटं त्याच क्रमानं हलवून बघायची. आणि आता हा नाशिकचा अमृत. बरोबरच आहे पोरांचं, तिनं मनाला सांगितलं. मनानं ऐकून घेतलं आणि रात्रीच्या आमटीत दोनदा मीठ घातलं. भगवंतनं ती आमटी न बोलता संपवली आणि वर दोन तांबे पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी संस्कृतीचा फोन आला. “काकू, तुम्ही खरंच येणार नाही रविवारी?”

“नाही गं. तो नवा मुलगा चांगला आहे म्हणे.”

“एक विचारू? राग नका मानू हां. तुमच्या अंगावर अजून तोच झगा कसा? पहिला, भगवा? आणि काठीपण तीच.”

“मग दुसरी कोण देणार मला?”

“काकू, अहो, वर्षभर आपण राक्षस मारतोय. हीलरच्या किती वस्तू निघाल्या! तुम्ही दरवेळी नको दाबता. मग आम्ही त्या बाजारात विकून टाकतो. आम्हाला वाटलं, तुम्हाला त्यात रसच नाही, आपलं स्वराजच्या आठवणीनं येऊन बसता.”

“अगं, पण नको म्हटल्यावर पुन्हा विचारायचं असतं ना?”

“कुणी?”

“म्हणजे... कुणीही. तुम्ही.”

“काकू,” संस्कृती अगदी हळू म्हणाली, “ते बटण आहे. ते एकदाच विचारतं.”

आरतीला आधी हसू आलं. चांगलं खदखदून, इतकं की तिकडे संस्कृतीही हसायला लागली. मग पोरगी म्हणाली, “तुमची बोटं लई भारी चालतात, सोपानदादाच सांगतो. त्या काठीत जोर नाही म्हणून हरतोय आपण. पण ताईंना कसं बोलायचं, म्हणून कुणी बोललंच नाही. मी सांगू का त्याला?” आरतीच्या ओठांवर ‘नको’ आलं आणि तिच्याच लक्षात आलं की हे नेहमीचं नव्हे, हे खरंखुरं नको आहे. “नको,” ती म्हणाली. “मी सांगते.” फोन ठेवल्यावर ती खुर्चीत बसून राहिली. ती मानापोटी मागत नव्हती, पोरं मानापोटी सांगत नव्हती. दोन्हीकडच्या सभ्यपणानं मिळून गोजरबाईचं वाटोळं केलं होतं. तिला राग आला, पण तो कुणावर काढावा? मग भीती वाटली. कारण आता काय करायला हवं ते स्पष्ट झालं होतं. सोपानला जाऊन सांगायचं, की मला यायचंय. दोन शब्द. असे, मला हवंय म्हणणारे शब्द आयुष्यात आपण कुणाला, कुठल्याही बाबतीत, कधी म्हटले होते का, हे ती आठवू लागली. भाजीवाल्यासमोर म्हटले असतील. डॉक्टरसमोरही नाही, तिथं तर ती ‘तसं विशेष काही नाही’ असंच म्हणायची. खेळात लिहून पाठवता आलं असतं, पण तिची बोटं तिला ठाऊक होती. ती पुन्हा हसरा चेहरा चिकटवून मोकळी झाली असती. तोंडानंच बोलायला हवं होतं.

फाट्यावरच्या हॉटेलात ती एकटीनं कधी गेली नव्हती. बाहेर ड्रायव्हर मंडळी बाजेवर पाय सोडून बसलेली. तिनं पदर सावरला आणि सरळ गल्ल्यापाशी गेली. बडीशेपेच्या बशीमागे एक गुबगुबीत तरुण मोबाईल चाळत बसला होता.

“बोला ताई. पार्सल?”

“मी गोजरबाई.”

तो असा ताडकन उठला की मागचं स्टूल आडवं झालं. “आयला! माफ करा, ताई. तुमी व्हय? अहो बसा, बसा! ए, दोन पेशल टाक रं! आन् मिसळ!”

“चहा नको रे.”

“आसं कसं न्हाई? फाट्यावर आलात आन् चहा नको?” चहा आला, मिसळही आली, तिनं दुसऱ्यांदा पुरे म्हटलं तरी पाव आलेच. इथं बघ कसा आग्रह करतोय, तिच्या मनात आलं, हाच तो सोपान. समोर माणूस असला की याला सगळं कळतं. तिनं चहाचा कप हातात धरला आणि कपाकडे बघतच म्हणाली, “सोपान, मला रविवारी यायचंय. मी ते लिहिलं, ते खरं नव्हतं.”

सोपाननं डोकं खाजवलं. “मग तवाच बोलायचं ना, ताई! म्या लई बिचकत इचारलं व्हतं. वाटलं, तुमी एकदा जरी नाय म्हणला, तर अमृतला सांगायला बरं पडंल. तुमी तर हसून चालंल म्हणला. आता त्याला शब्द दिऊन बसलो. आन् एकदा बलावल्याला माणूस माघारी धाडायचा न्हाई, आपल्यात चालत न्हाई ते.”

आरतीच्या जिभेवर ‘बरं’ आलं. ते किती ओळखीचं होतं, त्याची चवसुद्धा तिला माहीत होती. ते तिनं चहाच्या घोटाबरोबर गिळलं. “त्याला काढू नकोस,” ती म्हणाली. “मलाही घे.”

ड्रायव्हरांपैकी कुणीतरी भाकरी मागितली. सोपाननं हातानंच आत खूण केली, पण नजर तिच्यावरून हलवली नाही. “गुहेत पाचच जण जात्यात, दोन हीलर म्हंजे मारणारा एक कमी,” तो स्वतःशीच म्हणाला. “राक्षस लवकर मरायचा न्हाई. पर मंग आपुनबी मरणार न्हाई. जानकूला सांगतो बस म्हणून. तुमचं औषध त्यानंच लई खाल्लंय, राव, त्यो न्हाई म्हणायचा न्हाई. पर ताई, ह्या झग्यात न्हाई न्यायचो तुमाला. हा आठवडा आमी सगळे तुमच्याकडं इरजिकीला येतो.”

इरजिक म्हणजे एकाच्या रानात सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचं आणि दिवसभरात त्याचं रान नांगरून द्यायचं, त्यानं संध्याकाळी जेवू घालायचं. हल्ली ट्रॅक्टर आल्यापासून कुणी करत नाही. या पोरांनी ते कुठं ऐकलं होतं कोण जाणे. पण आली. रोज चारच्या चहानंतर सगळे गोळा व्हायचे, बसवलेला जानकूसुद्धा, आणि जिथं हीलरच्या वस्तू निघतात अशाच गुहांमध्ये शिरायचे. राक्षस पडला की चौघंही पटापट ‘नको’ दाबायचे. आणि मग सगळा देश आरतीकडे बघत थांबायचा. पहिल्या दिवशी एक निळा झगा निघाला. ‘हवं’ हे बटण तिच्यासमोर होतं आणि तिचं बोट त्याच्यावर उतरेना. भर पंगतीत, सगळ्यांच्या देखत, मला आणखी एक पुरणपोळी हवी असं ओरडून सांगावं तशी लाज तिच्या कानशिलांपर्यंत चढली. जानकूनं लिहिलं, ‘ताई, दाबा ना.’ संस्कृतीनं लिहिलं, ‘दाबा काकू.’ सोपाननं लिहिलं, ‘आमी डोळं झाकलंय, दाबा.’ तिनं दाबलं. निळा झगा गोजरबाईच्या अंगावर चढला आणि आरती खुर्चीवर एकटीच लाजली. दुसऱ्या दिवशी पादत्राणं, मग हातमोजे, एक अंगठी. दर खेपेला लाज थोडी कमी होत गेली, पूर्ण गेली नाही. पण लाजेच्या खाली दुसरंच काहीतरी भरून येत होतं. इतकी माणसं आपली संध्याकाळ मोडून माझ्यासाठी फिरतायत, हे तिला पोळ्या लाटताना आठवायचं आणि लाटणं थांबायचं. देवाचे आभार तिनं आयुष्यभर मानले होते, सवयीनं, हात जोडून. पण असं नाव घेऊन, चेहरा डोळ्यांपुढे आणून, सोपान, संस्कृती, जानकू, पोहेवाला, अशी एकेकाची आठवण काढत ती पहिल्यांदाच कुणाची तरी ऋणी होत होती, आणि ते ओझं तिला हवंसं वाटत होतं. काठी मात्र काही मिळाली नाही. चांगली काठी त्या मोठ्या राक्षसाकडेच होती.

रविवारी भगवंतनं दुकान लवकर बंद केलं, स्वतःच चहा केला आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसला. “बघू तरी, कुणाला मारताय ते.” अमृत वेळेवर हजर होता. त्यानं सगळ्यांना नमस्कार लिहिला आणि तिला वेगळा. ‘ताई, तुम्ही पुढचे सांभाळता की मागचे? तुम्ही म्हणाल तसं.’ पोरगा रीतीचा होता. एरवी ती ‘तू म्हणशील तसं’ म्हणाली असती. तिनं लिहिलं, ‘पुढचे मी.’ मग सगळ्यांना विचारलं, जेवलात का, आणि सगळे जेवले होते. सोपाननं विचारलं, ‘तयार?’ आणि ते आत शिरले. लढाई किती वेळ चालली ते तिला कळलं नाही. राक्षस अर्ध्यावर आला, सोपानची ढाल फुटत आली, आणि या खेपेला तिचं औषध पुरलं. काठावर पुरलं. ती सोपानला भरत होती, अमृत संस्कृतीला आणि जादूगाराला. मध्ये राक्षसाची शेपटी गोजरबाईवर आली, ती हेलपाटली. तरी आरतीनं औषध सोपानवरच घातलं, आधी पुढचा, मग आपण. “अगं, तुझंच रक्त चाललंय!” भगवंत ओरडला. राक्षस गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. लगेच पडद्यावर पाच जणांनी नुसत्या आरोळ्या लिहिल्या.

वस्तू निघाल्या. आणि त्यात ती काठी होती, पांढरी, टोकाला हिरवा उजेड असलेली. आरतीनं श्वास घेतला आणि ‘हवं’ दाबलं. कुणी सांगायच्या आत, कुणी डोळे झाकायच्या आत. अमृतनंही ‘हवं’ दाबलं होतं. त्याचा हक्कच होता. फासे पडले. तिचा आकडा चांगला आला. त्याचा तिच्याहून चांगला आला.

“मिळाली का?” भगवंतनं विचारलं.

“नाही. त्याला मिळाली.”

“मग हसतेस काय?”

तिला तरी कुठं कळत होतं? तिनं मनात चाचपून बघितलं, जुनी कळ कुठं असेल तिथं. काही नव्हतं. मागितलं, फासे पडले, नाही मिळालं. सगळं उघड, लख्ख. “मागितली होती मी,” ती भगवंतला म्हणाली, आणि त्यानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू ही बाई त्याच्या घरात आजच आली.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उघडली. खेळात जिंकलेली वस्तू थोड्या वेळाच्या आत सोबत्याला देऊन टाकता येते. अमृतनं ती काठी तिच्यापुढे धरली होती. ‘ताई, तुम्ही घ्या. मला नको.’ आरतीनं ती ओळ पुन्हा वाचली. मला नको. त्या दोन शब्दांच्या आत काय असतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? हे पोर या काठीसाठी नाशिकहून इतक्या वाटा तुडवत आलंय. त्याच्या घरीही कुणी कुशाबाई असणार. तिनं चौकट बंद केली. ‘तुझी आहे. तू जिंकलास.’ त्यानं पुन्हा उघडली. ‘खरंच नको, ताई. तुम्ही मोठ्या आहात.’ तिनं पुन्हा बंद केली आणि लिहिलं, ‘तुला हवी होती म्हणूनच दाबलंस ना? मग घे. मला आनंद होईल.’ तो थांबला. सगळे थांबले, गुहेत बसून, जशी शक्ती भरायला थांबतात तशी. मग अमृतनं लिहिलं, ‘हवी होती, ताई. लई दिवसांपासून.’ आणि गोजरबाईच्या समोर उभ्या असलेल्या त्या पोराच्या हातात काठी आली, हिरवा उजेड भिंतींवर पसरला.

पोरं निघायची तयारी करू लागली. अमृत निघाला नाही. त्यानं नवी काठी उचलली आणि वळून गोजरबाईकडे केली. राक्षसाच्या शेपटीनं तिचं अर्ध्याहून जास्त रक्त गेलेलं होतं, आरतीचं तिकडे लक्षच नव्हतं. वरून हिरवा उजेड उतरला, निळ्या झग्यावर, डोक्यावर, हातांवर, आणि तिची जखम भरत चालली. वर्षभर या टोळीत औषध घालणारी ती एकटीच होती. सगळ्यांचं झालं की उरलंसुरलं स्वतःला. दुसऱ्या कुणी तिच्यावर औषध घातलं तर कसं दिसतं, हे तिनं पाहिलंच नव्हतं. उजेड विझला. जखम अजून थोडी उरली होती. अमृतनं विचारलं, ‘बास का, ताई?’

आरतीनं डोळे पुसले आणि लिहिलं, ‘अजून एकदा.’